मिरी मुंगूस कितवीत?

एका जंगलात, जिथे उंदीरसुद्धा दाखला दाखवल्याशिवाय बिळात शिरत नसे, तिथे एक शाळा होती.

शाळा म्हणजे दोन झाडं आणि एक जाळी. पहिली इयत्ता करवंदीच्या जाळीत बसायची. दुसरी बिब्ब्याखाली, तिसरी ऐनाखाली. चौथीसाठी टेकडीपलीकडे जावं लागे. तिथवर फार कुणी जात नसे, कारण तिसरीपर्यंत बहुतेकांची शिकायची हौस फिटलेली असे.

हेडमास्तर होते सांबर. त्यांची शिंगं दरवर्षी गळायची. हेडमास्तरपद मात्र कधी गळलं नाही.

आता नीट बसा मुलांनो, आणि नाकात बोटं घालू नका. कारण ही गोष्ट नाकाचीच आहे.

दुसरीच्या वर्गात वास शिकवत. वर्षात बारा वास. महिन्याला एक. अस्वलबाई पानांच्या बारा पुड्या बांधून बिब्ब्याच्या फांदीला ओळीने टांगायच्या आणि दर महिन्याच्या पहिल्या दिवशी एक पुडी सोडायच्या. आषाढात कंदाचा वास. श्रावणात अळंबीचा. भाद्रपदात सापाच्या कातेचा. असं करत करत ज्येष्ठात, म्हणजे अगदी शेवटी, वाघाचा. सगळ्यात महत्त्वाचा म्हणून सगळ्यात शेवटी. त्यामुळे दरवर्षी दोन-तीन मुलं तो धडा सुरू होण्याआधीच वाघाला भेटायची. हळहळ वाटायची सगळ्यांना. पण अभ्यासक्रम म्हणजे अभ्यासक्रम.

त्या वर्षी दुसरीत मिरी आली. मिरी म्हणजे मुंगसाची मुलगी. अंगाने एवढीशी, आणि नाक म्हणाल तर सतत कशाच्या तरी मागावर.

पहिल्याच दिवशी ती बिब्ब्याखाली बसली, मान वर केली आणि म्हणाली, "बाई, चौथ्या पुडीतलं सडलंय."

अस्वलबाई दचकल्या. "चौथी पुडी आश्विनात उघडायची आहे."

"हो, पण ती आत्ताच सडलीय. साळिंदराचा काटा आहे ना आत? त्याला थोडं मांस लागलेलं राहिलंय. आणि शेवटच्या पुडीतला वाघ म्हातारा आहे. डावा पाय दुखत असणार. जखमेचा वास येतोय."

एक रानडुकराचं पोर घाबरून बाईंच्या पोटाखाली शिरलं.

बाईंनी हळूच चौथी पुडी सोडून हुंगली आणि लांब फेकून दिली. मग म्हणाल्या, "हुशार आहेस. आता बस."

"बसले. पुढे काय, बाई?"

"पुढे वर्षभर हेच."

"बारा वास झाले की माझे."

"तुझे झाले गं. वर्षाचे कुठे झालेत?"

मिरी बसली. पण दर थोड्या वेळाने तिचं नाक ऐनाकडे वळायचं. कारण ऐनाखाली तिसरीच्या वर्गात माग काढायला शिकवत. कोण कुठून आलं, कुठे गेलं, किती वेळापूर्वी गेलं, हे जमिनीवरून ओळखायचं. मिरीला जगात दुसरं काही नको होतं. चिचुंद्री नको, अंडी नकोत. एवढं एक कुणीतरी शिकवा.

आठ दिवसांत अस्वलबाई हेडमास्तरांकडे गेल्या. त्या मनाने चांगल्या होत्या. मनाने चांगलं असण्याचा शाळेत फार उपयोग होत नाही, तो भाग वेगळा.

"सर, हिला तिसरीत घाला. हिचं इथलं सगळं झालंय. रोज 'पुढे काय, पुढे काय' म्हणून डोकं खाते. माझ्याकडे पुढे काहीच नाही हो."

सांबरसरांनी बराच वेळ रवंथ केलं. "असं आजवर झालेलं नाही."

"मुलगीही अशी आजवर आलेली नाही, सर."

"म्हणूनच. घाई नको. समिती नेमू."

आणि मुलांनो, जंगलात समिती नेमली गेली. इयत्तालंघन विचार समिती. अध्यक्ष सांबरसर. सभासद अस्वलबाई, तिसरीचे तरसगुरुजी आणि पालकांच्या वतीने लांडोरकाकू. लांडोरकाकूंचा निळू तिसरीत होता आणि दरवर्षी पहिला यायचा. यायचाच. वर्गात चार मुलं. त्यातली दोन वटवाघळं, ती दिवसभर उलटी झोपलेली. तिसरं कासवाचं, ते वेळेवर परीक्षेला पोचत नसे.

पहिली सभा झाली. मिरी आईच्या पोटाला चिकटून उभी राहिली.

"माझा निळू त्या वर्गात आहे म्हणून मी म्हणतेय असं समजू नका हं," लांडोरकाकू मान हलवत म्हणाल्या. "मला मिरीचीच काळजी. बालपण असतं ना हो! एकदा गेलं की गेलं."

"तिचं बालपण तिसरीत जाईल आणि दुसरीत जाणार नाही, असं कुठे आहे?" अस्वलबाई म्हणाल्या.

"तुम्हाला मुलं नाहीत, बाई. तुम्हाला नाही कळायचं."

अस्वलबाई खाली बसल्या. हे वाक्य कुठल्याही सभेत चालतं. लक्षात ठेवा.

तरसगुरुजींनी खाकरून विचारलं, "माझ्या वर्गात आली तर ही मला प्रश्न विचारेल का?"

"विचारेल," अस्वलबाईंनी खरं ते सांगितलं.

"मग अजून लहान आहे."

सांबरसरांनी शिंगं सावरली. "मी स्वतः दुसरीत तीन वर्षं होतो. काय बिघडलं? हेडमास्तर झालोच ना!"

कुणालाच हसू आलं नाही. मिरीला आलं. आईने तिला पंजाने दाबलं.

"मुंगूसबाई, तुमचं काय म्हणणं?"

मिरीने आईकडे पाहिलं. आईला मिरीच्या नाकाचा फार अभिमान होता. आल्यागेल्याला ती सांगायची, आमची मिरी दोन शेतं पलीकडचं अंडं ताजं की शिळं ते सांगते. पण समोर एवढी मोठी शिंगं. आई म्हणाली, "आमचं काही म्हणणं नाही, सर. तुम्ही मोठे. तुम्ही कराल ते बरंच कराल."

मिरीने मान खाली घातली.

निर्णय असा झाला की निर्णय पुढच्या सभेत घ्यावा. पण तोवर मिरीने बसायचं कुठे? दुसरीत बसवली तर तिचं नुकसान. तिसरीत बसवली तर आमचं, असं तरसगुरुजी म्हणाले. मग सांबरसरांनी मार्ग काढला. बिब्बा आणि ऐन यांच्या बरोबर मधे एक दगड होता. निर्णय होईपर्यंत मिरीने त्या दगडावर बसावं. दोन्ही हजेरीपटांवर तिचं नाव घालावं, म्हणजे अन्याय नको.

नाव दोन्हीकडे घातलं. रोज सकाळी अस्वलबाई हाक मारायच्या, "मिरी?" मिरी दगडावरून म्हणायची, "हजर!" पण ती बिब्ब्याखाली नव्हती, म्हणून गैरहजर. मग तरसगुरुजी हाक मारायचे. ती ऐनाखालीही नव्हती. तिथेही गैरहजर.

पोरांनी तिचं नाव ठेवलं अडीच. "ए अडीच! आज कितवीत गं?" पोरं तरी बरी. ती चिडवून विसरायची. मोठी माणसं, म्हणजे मोठे प्राणी, जाता-येता थांबायचे, मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "अजून दगडावरच का? हुशार आहे म्हणे. चालायचंच."

दर महिन्याला सभा. दर सभेला मिरीची परीक्षा.

श्रावणातल्या सभेत तिने बारा वास ओळखले. सांबरसर म्हणाले, "नाक तयार आहे. पण मन तयार आहे का?" मन तपासायला लांडोरकाकू पुढे झाल्या.

"बाळ, तुला तिसरीत जायचंय?"

"हो."

"बघा. हाव."

भाद्रपदात पुन्हा तोच प्रश्न. मिरी शहाणी झाली होती. म्हणाली, "नाही."

"मग प्रश्नच मिटला की!" लांडोरकाकूंनी टाळ्या पिटल्या, पंखांनी.

आश्विनात मिरीने ना हो म्हटलं ना नाही. ती म्हणाली, "मला माग काढायला शिकायचंय."

सभा एकमेकांकडे पाहू लागली. हे उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं, ते कुणालाच कळेना.

"शिकायचंय म्हणे," तरसगुरुजी पुटपुटले. "शाळेत!"

मग उंचीचा मुद्दा निघाला. मिरीला निळूशेजारी उभं केलं. निळूने पिसारा फुलवला. मिरी दिसेनाशी झाली.

"बघा," लांडोरकाकू म्हणाल्या. "वर्गात ही मागे पडेल बिचारी."

"मग निळूला मागे बसवा ना," पिसाऱ्यामागून मिरीचा आवाज आला.

"उद्धट!" चार जणांपैकी तिघे एकदम म्हणाले. इतकं एकमत त्या समितीत पुन्हा कधी झालं नाही.

आता दगडावरचं ऐका. मिरीच्या एका कानाला दुसरी ऐकू यायची, दुसऱ्या कानाला तिसरी. तिसरीत तरसगुरुजी ऐनाच्या बुंध्याला पाठ टेकून सांगायचे, "लिहा. माग म्हणजे गेलेल्याने मागे ठेवलेले ते. मागाचे प्रकार पाच. ओला, सुका, ताजा, शिळा आणि संकीर्ण." निळू घोकायचा, "ओला, सुका, ताजा, शिळा आणि संकीर्ण." एकदा चुकून एक ससा खरोखरच वर्गाच्या मधून धावत गेला आणि मऊ मातीत सुरेख पावलं उमटली. मिरी दगडावरून ओरडली, "गुरुजी, ती बघा!" गुरुजी रागावले, "मधेमधे बोलू नकोस. आपण अजून व्याख्येवर आहोत." आणि ती पावलं पुसून त्यांनी तिथे व्याख्या लिहिली.

असे महिने गेले. मुलांनो, चाकू वापरला नाही तर गंजतो. नाकाचंही तसंच आहे, फक्त गंज दिसत नाही.

पौषातली गोष्ट. अस्वलबाईंनी पुडी सोडली. वर्गात कुणालाच वास ओळखता येईना. बाईंनी सवयीने दगडाकडे पाहिलं. "मिरी, तू सांग गं."

मिरीने नाकही वर केलं नाही. ती म्हणाली, "बाई, महिना कुठला चाललाय?"

"पौष."

"मग सातवी पुडी. रानमांजराचा असेल."

उत्तर बरोबर होतं. पण त्या दिवशी बाईंनी वर्ग लवकर सोडला.

समितीला मात्र आनंद झाला. "सुधारतेय," सांबरसर म्हणाले. "आणखी एक वर्ष असं गेलं, तर मुलगी अगदी आपल्यासारखी होईल. मग कुठे बसवायचं हा प्रश्नच उरणार नाही."

आई त्या सभेला होती. तिने मान डोलावली. पण घरी जाताना ती मिरीच्या मागून चालत होती आणि बघत होती. मिरी सरळ चालत होती. पूर्वी ती कधी सरळ चालत नसे. दर चार पावलांवर थांबायची, काहीतरी हुंगायची, आईला बोलवायची. "आई, हे बघ कोण गेलंय इथून!" आई म्हणायची, "चल गं, उशीर होतोय." आता उशीर होत नव्हता. वेळेत घर आलं.

माघात एका सकाळी मिरी दगडावर बसली होती. हजेरी झाली. दोन्हीकडे गैरहजर. इतक्यात वारा फिरला आणि तिच्या नाकात काहीतरी शिरलं.

बारा पुड्यांत तो वास नव्हता. वारुळाच्या मातीसारखा होता, पण माती नव्हे. तिने खाली पाहिलं. दगडाच्या कडेने ओढल्यासारखा एक पट्टा गेला होता, दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे. जड शेपटी ओढत कुणीतरी गेलं होतं. पहाटे. कारण दव पट्ट्याच्या बाहेर होतं, आत नव्हतं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं. आणि तिचं नाक असं काही थरथरलं, की तिला वाटलं शिंक येणार. शिंक आली नाही. ती दगडावरून उतरली.

कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? ती बिब्ब्याच्या वर्गाचीही नव्हती, ऐनाच्याही नव्हती.

माग टणटणीच्या झुडपांतून गेला, बांबूच्या बेटातून गेला. एका ठिकाणी फुटलेलं वारूळ होतं. तिथे तो शेपटीवाला जेवला होता. पुढे ओढा लागला. मिरीने चारदा काठ हुंगला, पोहून पलीकडे गेली आणि निरगुडीच्या झुडपाशी माग तिला पुन्हा सापडला. ओरडावंसं वाटलं तिला. पण ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून ती नुसतीच दोनदा गोल फिरली. दमली होती. त्याच झुडपात झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाजांनी जाग आली.

पलीकडच्या काठावर सगळे उभे होते. पुढे आई. मागे समिती. आईने त्यांना इथवर आणलं होतं आणि आईचे डोळे लाल होते.

मिरी उठलीच होती, हाक मारणारच होती. तेवढ्यात बोलणं कानावर पडलं. पाण्यावरून आवाज चांगला येतो.

"मुंगूसबाई, तुम्ही काल संध्याकाळपासून हरवली, हरवली म्हणताय," सांबरसर म्हणत होते. "पण कागदोपत्री तसं दिसत नाही. आषाढापासून ती रोजच गैरहजर आहे. दोन्ही वर्गांत. एक दिवस खाडा नाही."

"सर, ती रात्री घरी आली नाही."

"घर आमच्या अखत्यारीत येत नाही."

"गुरुजी, तुम्ही तरी बघा ना," आई तरसगुरुजींकडे वळली. "हा इथवर तिचा माग आहे. पुढे पाणी आलंय. तुम्ही मागाचे गुरुजी."

तरसगुरुजींनी पाण्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले. "पाण्यापलीकडचा माग चौथीला आहे. मी तिसरीचा."

"पण तुम्हाला येतो ना?"

"बाई, मी माग शिकवतो. काढत नाही."

अस्वलबाई पुढे झाल्या. "मी जाते."

"तुम्ही कशा जाल?" लांडोरकाकू म्हणाल्या. "ती दुसरीतून हरवली असेल तर तुमची जबाबदारी. तिसरीतून हरवली असेल तर गुरुजींची. आधी ते ठरू दे. नाहीतर उद्या म्हणाल, शोधली कुणी आणि नाव कुणाचं!"

"रास्त आहे," सांबरसर म्हणाले. "सभा इथेच भरवू. सगळे आहेतच."

आणि काठावर सभा बसली. अस्वलबाई उभ्या होत्या. मग त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं, आणि त्याही बसल्या. त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती.

ओढा किती खोल होता म्हणाल? सांबरसरांच्या गुडघ्याला लागला नसता.

झुडपात मिरी पुन्हा खाली बसली. बाहेर यावंसं वाटेना. ती कुणाकडेच बघत नव्हती. फक्त आईकडे. आई सभेत बसली होती, तशीच पाय जवळ घेऊन, नेहमीसारखी. आता सर विचारतील, तुमचं काय म्हणणं. आणि आई म्हणेल. मिरीने कान पाडले. ते वाक्य तिला आज ऐकायचं नव्हतं.

"तर मुंगूसबाई," सांबरसर म्हणाले, "दुसरीतून हरवली असं धरलं, तर तुमचं काय म्हणणं?"

उत्तर आलं नाही.

मिरीने डोकं वर काढलं. आईची जागा रिकामी होती. आई पाण्याच्या कडेला नाक जमिनीला लावून चालत होती. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. ती पहिलीतसुद्धा बसलेली नव्हती. त्यामुळे कुठला माग कितवीला असतो, हे तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं.

एका जागी ती थांबली. मग तिने हनुवटी वर केली आणि पाण्यात उतरली.

"अहो बाई! ठराव व्हायचाय!" लांडोरकाकू ओरडल्या.

आई पलीकडे निघाली, अंग झाडलं आणि नाक खाली घालून थेट निरगुडीपाशी आली. मिरीला वाटलं, आता एक फटका बसणार. तिने पाठ तयार ठेवली.

"कुणाच्या मागे गेलीस एवढी?" आईने विचारलं.

"माहीत नाही. नवीनच आहे कुणीतरी. शेपूट ओढतं. हे बघ, इथून वर गेलंय."

आईने त्या पट्ट्यावर नाक टेकलं. बराच वेळ हुंगलं. नाकातलं पाणी शिंकरून टाकलं आणि पुन्हा हुंगलं.

"जेवलेलं दिसतंय," ती म्हणाली. "भरल्या पोटी गेलंय. फार लांब नसणार."

मिरी तिच्याकडे बघतच राहिली. "तुला येतं?"

"गप गं. चल पुढे. आणि जरा हळू, मला दम लागतो."

पलीकडच्या काठावर सभा दुपारपर्यंत चालली. मिरी दुसरीतून हरवली की तिसरीतून, यावर मतं समान पडली. दोन विरुद्ध दोन. अखेर अध्यक्षांनी असा निकाल दिला, की ती दगडावरून हरवली असून दगड शाळेच्या हद्दीत येत नाही. अहवालाच्या शेवटी एक ओळ वाढवली: पालक ही सभा अर्धवट सोडून गेल्या, त्यावरून मुलीला वळण कुठून लागलं, ते स्पष्ट होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली. "मिरी?" अस्वलबाईंनी हाक मारली आणि क्षणभर दगडाकडे बघत राहिल्या. ऐनाखालून तरसगुरुजींनीही हाक मारली.

दोन्हीकडे गैरहजर. सगळं पूर्ववत सुरळीत चालू झालं.

तात्पर्य: मूल हरवलं, तर आधी ते कोणत्या इयत्तेतून हरवलं, हे मोठ्यांनी एकत्र बसून शांतपणे ठरवावं. उठून शोधायला जाऊ नये. न जाणो, सापडलं तर त्याला कुठे बसवायचं हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.